आईची वीस मिनिटं

फ्रीलान्स पत्रकाराची सकाळ नेमकी कधी होते? डेडलाइन असेल तर होतच नाही, कारण रात्रच संपलेली नसते. आणि डेडलाइन नसेल तर साडेनऊला... बाबांचा डबा, आईची लोकल, मावशींची भांडी असं सगळं जग आवरून झाल्यावर. त्यामुळे आमच्या घरातली पहाट मी मास कॉमच्या शेवटच्या पेपरनंतर कधी पाहिलीच नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी एक स्टोरी जाम रखडली. हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. पाच वाजायला दहा मिनिटं असताना आत आईचा अलार्म वाजला. मी चक्रावले. आईचा अलार्म साडेपाचचा! माझ्या शाळेपासूनचा. पाणी प्यायला म्हणून उठले, तर बेडरूमचं दार अर्धवट उघडं.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. नुसती बसली होती. मग तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, लहान मुलाच्या मुठीतलं चॉकलेट काढून घ्यावं तशी. पाय जमिनीला टेकवले, पुन्हा उचलले. कपाटाला धरून उभी राहिली, भिंतीच्या आधाराने दोन पावलं टाकली आणि 'आई गं' म्हणाली. इतकं हळू, की बाबांची कूसही बदलली नाही.

ही माझी आई. वय ५१. डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना कायम माझ्या दोन पायऱ्या पुढे असणारी.

"काय होतंय गं?" मी विचारलं तर दचकलीच.

"काही नाही. जरा आखडतं सकाळी. वीस मिनिटांत सुटतं. तू झोप जा, डोळे बघ कसे झालेत."

म्हणजे बघा, अंग सुटायला वीस मिनिटं लागतात म्हणून बाईसाहेबांनी अलार्म चाळीस मिनिटं अलीकडे आणला होता. कुणाला कळू नये, डब्याला उशीर होऊ नये म्हणून. किती दिवस चाललंय हे? "असेल वर्षभर." आणि आम्ही तिघं वन बीएचकेमध्ये राहतो. लपायला जागा किती असते सांगा!

पण मला खरा धक्का बसला तो नंतर. आई एका सहकारी बँकेत आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून सात बाकी आहेत. गेले काही महिने ती म्हणत होती, "सोडूनच देते आता नोकरी, कंटाळा आला." आम्ही काय म्हणालो? टिपिकल सपोर्टिव्ह फॅमिली! "सोड की, खूप केलंस, आराम कर." बाबांनी तर केरळच्या टूरचे रेटही काढले. त्या सकाळी चहा घेताना तिने सांगितलं, की कंटाळा वगैरे काही नाही, नोटा मोजताना अंगठा धरतो. काउंटरवरून उठताना टेबलाला हात टेकावा लागतो आणि समोरचा कस्टमर बघतो, त्याची लाज वाटते. "तरुण पोरं आलीत आता. त्यांच्यासमोर म्हातारीसारखं..." राजीनाम्याचं पत्र लिहून झालं होतं. फक्त तारीख घालायची होती.

सात वर्षांचा पगार आणि आईला मनापासून आवडणारं काम, हे सगळं त्या वीस मिनिटांपायी चाललं होतं.

तोवर तिने उपाय केले नव्हते असं नाही. तिळाचं तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलेला मेथीच्या दाण्यांचा फंडा झाला. पर्समध्ये पेनकिलरची स्ट्रिप सापडली, ती केमिस्टच्या सल्ल्याने. एका डॉक्टरांना दाखवलंही होतं. त्यांनी 'वयोमानानुसार' म्हणून कॅल्शियम लिहून दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. वयोमानानुसार! हा शब्द एकदा उच्चारला की पुढे कुणी काही विचारायचंच नसतं.

पाळीचा आणि या दुखण्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. मेनोपॉज म्हटलं की आपल्याला काय माहीत असतं? घाम, चिडचिड आणि ऑफिसात एसी वाढवायला सांगणाऱ्या मॅडम. आईची पाळी दोन वर्षं मागेपुढे होत होती आणि दहा महिने आलीच नव्हती. सलग बारा महिने आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. त्याच्या आधीचा जो काही वर्षांचा गोंधळाचा काळ असतो, तो पेरिमेनोपॉज. आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास पाळी जाते, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर हा गोंधळ कधीही सुरू होऊ शकतो. तुमची आईच कशाला, तुमची टीम लीडसुद्धा त्यात असेल.

मी रात्री वाचायला बसले (पत्रकार असण्याचा तेवढाच फायदा!). गंमत म्हणजे ही गोष्ट अजिबात नवी नाही. 'मेनोपॉजचा संधिवात' असं सरळ नाव देऊन दोन डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये पन्नास पेशंट्सवर पेपर लिहिला होता, १९२५ साली! आणि २०२४ मध्ये व्होंडा राइट या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जनने सहकाऱ्यांबरोबर 'क्लायमॅक्टेरिक' या जर्नलमध्ये लेख लिहून या सगळ्या दुखण्याला 'मस्क्युलोस्केलेटल सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं लांबलचक नाव दिलं. या काळातून जाणाऱ्या ७० टक्क्यांहून जास्त बायकांना स्नायू-सांध्यांचा काही ना काही त्रास होतो, आणि २५ टक्क्यांना तो रोजची कामं अडण्याइतका होतो, असं त्यात म्हटलंय. मध्ये शंभर वर्षं गेली. तेवढ्या काळात किती जणींनी गुपचूप अलार्म अलीकडे घेतला असेल!

होतं काय, तर शाळेतल्या सायन्सने आपला समज करून दिलाय की इस्ट्रोजेन म्हणजे पाळीचं हॉर्मोन, बास. प्रत्यक्षात त्याचं काम हाडं, स्नायू, कुर्चा, स्नायूबंध सगळीकडे चालतं. दाह आटोक्यात ठेवायलाही ते मदत करतं. ते कमी व्हायला लागलं, आणि तेही सरळ नाही तर वर-खाली होत, की सांधे कुरकुरायला लागतात. ब्रेस्ट कॅन्सरच्या काही पेशंट्सना इस्ट्रोजेन दाबणारी औषधं देतात, त्यातल्या बऱ्याच जणींना नेमकं असंच सांधे आखडण्याचं दुखणं लागतं. संबंध आहे तो असा. सकाळीच का? रात्रभर सांधे न हलता पडलेले असतात म्हणून. त्यात रात्री दोनदा घामाघूम होऊन जाग आली की झोपेचं खोबरं, आणि झोप कमी झाली की तेच दुखणं जास्त जाणवतं.

हे सगळं वाचून मी आईला एका लेडी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी आखडलेलं किती वेळात सुटतं?"

आई म्हणाली, "वीस मिनिटं." लगेच, घड्याळ लावल्यासारखं. वर्षभर मोजत होती ना!

हा प्रश्न भारी महत्त्वाचा आहे बरं का. अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुतेक वेळा हॉर्मोन्स किंवा सांध्यांची झीज यांच्याकडे बोट जातं. पण तासभर किंवा त्याहून जास्त लागत असेल, बोटांची पेरं किंवा मनगटं सुजत असतील, हाताला गरम लागत असतील, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसची शंका घ्यायची. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होतो आणि त्यात उशीर परवडत नाही. उपचार लांबले तर सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून सगळंच मेनोपॉजच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं, तर ते 'वयोमानानुसार'चंच दुसरं रूप! डॉक्टरबाईंनी आईचं थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, डी आणि बी १२ व्हिटॅमिन, सूज दाखवणाऱ्या टेस्ट असं सगळं करून घेतलं. खांदा मागे नेऊन बघितला, कारण फ्रोझन शोल्डर याच वयात गाठतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत का हेही विचारलं, त्यांनीही काहींचे स्नायू दुखतात.

आईचं डी व्हिटॅमिन चांगलंच कमी निघालं. बाकी ठीक. हॉर्मोनच्या गोळ्यांचा विषय निघाला. त्या मुख्यतः घाम आणि हॉट फ्लशेससाठी देतात, नुसत्या सांधेदुखीसाठी सहसा नाही. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीची हिस्ट्री असेल तर फार जपून, बहुतेकदा टाळतातच. गायनॅकशी बोलून ठरवा, म्हणाल्या. आई म्हणाली, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. पर्समधली स्ट्रिप मात्र तिथल्या तिथे जप्त झाली. पेनकिलर मनाने महिनोन् महिने घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हीला भोवतात.

मग व्यायाम. "मी चालते की रोज स्टेशनपर्यंत," आई ऐटीत. डॉक्टरबाई हसल्या. चालणं चांगलंच, पण स्नायूंना वजन लागतं. आठवड्यातून निदान दोनदा ताकदीचा व्यायाम करा हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्या सोसायटीचं जिम म्हणजे आरसे आणि डिओचा वास. आई तिथे जाणं शक्य नव्हतं. म्हणून आमचं जिम किचनमध्ये. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीवर पुशअप्स. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या. उठण्याआधी अंथरुणातच घोटे आणि बोटं फिरवणं, आणि मग गरम पाण्यात हात. डब्यात पोळी-भाजीबरोबर उसळ किंवा अंडं, ते तिच्याही डब्यात. आमच्या वाढून झाल्यावर उरेल ते, असं नाही.

पहिले पंधरा दिवस काही फरक नाही. उलट, "तुझ्यामुळे मांड्या भरून आल्या" हे ऐकावं लागलं. कणीक आता बाबा मळतात. पोळ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या होतात, असो. सहाव्या आठवड्यात अलार्म सव्वापाचवर आला. दुखणं गेलेलं नाही. पावसाळी हवेत अजून वाईट दिवस येतात. पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे, तारखेशिवाय.

आईचा लेडीज डब्यातला ग्रुप वीस वर्षांचा आहे. पूर्वी या बायका लोकलमध्ये मटार सोलायच्या, भाजी निवडायच्या. हल्ली कुणी निवडत नाही. मला वाटायचं, सगळ्याजणी तयार भाजीची पाकिटं घेतात म्हणून. परवा आई घरी आली ती चपला काढतानाच बोलायला लागली.

"आज सगळ्यांना विचारलं मी."

"काय?"

"किती मिनिटं गं तुझी, म्हणून. आधी सगळ्या हसल्या. मग एकेक सांगायला लागली. दहा, पंधरा, कुणी अर्धा तास. आणि ती खिडकीत बसते ना, दिव्याची, ती म्हणाली दोन तास. मनगटं बघितली मी तिची. सुजलेली आहेत गं. बांगड्याच काढून ठेवल्यात."

"मग?"

"मग काय! तुझ्या त्या डॉक्टरबाईंचा नंबर दे. शनिवारी मी नेते तिला."