चारशे मिलिसेकंदांची उघडझाप

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे सगळे बॅगा भरत असताना, आमच्या टीममधल्या एका उत्साही पोराने रिव्ह्यूसाठी कोड पाठवला. विषय : 'सगळे डायलॉग ॲनिमेटेड केले'. बघितलं तर खरंच सगळे! काहीही सेव्ह करा, मागचं पान काळवंडतं, खालून एक पांढरी चौकट उडी मारत मधोमध येते, जराशी डचमळते, मग तिच्यात हिरवी बरोबरची खूण सावकाश रेखाटली जाते... आणि मग कुठे 'ओके'चं बटण. पोरगं हुशार आहे, कामही नीटनेटकं केलंय. तरी मी ते नापास करणार आहे. का, ते दोन ओळींच्या शेऱ्यात मावायचं नाही, म्हणून इथे लिहितोय.

कारण हे पाप मी स्वतः करून बसलोय.

२०११ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. पिग्मी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरतो, चहावाल्याचे २०, टेलरचे ५०, किराणावाल्याचे १०० असे गोळा करतो, आणि संध्याकाळी रोकड आणि वही काउंटरवर देतो. तिथल्या मॅडम ते सगळं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरतात. सगळे एजंट मिळून रोज साधारण ५०० नोंदी. खातं नंबर, टॅब, रक्कम, एंटर, एंटर. पहिला एंटर सेव्हचा, दुसरा 'नोंद जमा झाली' हा अलर्ट घालवण्याचा. मॅडम स्क्रीनकडे बघतही नसत. नजर वहीवर, बोटं कीबोर्डवर, आणि अलर्ट आल्याचं त्यांना कळायचं कानाने. इंटरनेट एक्सप्लोररचा तो कळकट अलर्ट येताना विंडोजचा 'टुंग' आवाज करायचा ना, त्या आवाजावर दुसरा एंटर. संबळ वाजवणाऱ्याचा ठेका असावा तसा.

मला मात्र तो करडा अलर्ट बघवत नव्हता. जेक्वेरी तेव्हा भरात होती. फेड-इन, स्लाइड-डाउन, सगळं एका ओळीत. मी अलर्ट काढले आणि छान गोल कोपऱ्यांचा डायलॉग टाकला, चारशे मिलिसेकंदांत हळुवार उमलणारा. (चारशे का? तर काही सांगितलं नाही तर जेक्वेरी तेवढेच घेते. एवढा विचार केला होता मी!) डेमोला चेअरमनसाहेब खुश. 'आता कसं, एकदम मोठ्या बँकेसारखं दिसतंय.' चहा आला, बिस्किटं आली, बिल पास झालं.

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग एका एजंटाचा हिशेब जुळेना. कॉम्प्युटर म्हणतो याने जास्त वसुली केली, हातात रोकड कमी. दुसऱ्या दिवशीही तेच. पिग्मी एजंट म्हणजे कमिशनवर जगणारा माणूस, आणि त्याची सगळी पुंजी म्हणजे गावाचा विश्वास. 'कॉम्प्युटर चुकत नसतो' असं त्याला सर्वांसमोर सुनावलं गेलं. तीन दिवसांत मिळून ११४० रुपये त्याने स्वतःच्या खिशातून भरले, आणि चौथ्या दिवशी त्याची वही तपासायला घेतली तेव्हा कुठे संस्थेतून मला फोन आला.

झालं होतं असं. अलर्ट हा ब्राउझरचा स्वतःचा. तो आला की पानावरचं सगळं जागच्या जागी थांबतं आणि त्यानंतरचा एंटर अलर्टलाच जातो, दुसरीकडे जाऊच शकत नाही. माझा डायलॉग म्हणजे पानावर अंथरलेला एक डिव्ह. तो उमलायला लागायचा, पण कीबोर्डचा फोकस त्याच्या 'ओके' बटणावर मी नेत होतो उमलणं पूर्ण झाल्यावर. अधल्या ४०० मिलिसेकंदांत फोकस मागच्या फॉर्मवरच. फॉर्म अजून भरलेला, कारण तो मी रिकामा करत होतो 'ओके' दाबल्यावर. आता 'टुंग' नाही म्हटल्यावर मॅडमनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्क्रीन काळवंडताना दिसली की एंटर मारायची सवय लावून घेतली. नवीन नवीन असताना हात सावकाश होता तोवर काही बिघडलं नाही. जसजसा वेग परत आला तसतसा दुसरा एंटर त्या फटीत पडायला लागला. तेच खातं, तीच रक्कम, पुन्हा जमा. आणि समोर पुन्हा तोच डायलॉग! मॅडमना वाटायचं, एंटर नीट लागला नाही. फोनवर मला म्हणाल्या, "अहो सर, कधीकधी दोनदा दाबावं लागतं, पण मी म्हटलं नवीन आहे तर असेल तसं."

त्यांना वाटलं नवीन आहे तर असेल तसं. एजंटाला वाटलं आपलीच कुठेतरी मोजणीत चूक. दोघांनाही सॉफ्टवेअरवर संशय आला नाही, कारण ते दिसायला इतकं सुंदर होतं.

आता जाणकार म्हणतील, हा ॲनिमेशनचा दोष नाही, तुझ्या कोडचा आहे. फोकस आधी न्यायचा, फॉर्म आधी रिकामा करायचा, सर्व्हरवर दुबार नोंद अडवायची. कबूल, शंभर टक्के कबूल. (दुबार नोंद मुद्दाम अडवली नव्हती. एखादा दुकानदार सकाळी ५० देतो, धंदा बरा झाला तर संध्याकाळी आणखी ५० देतो.) पण मला हे सांगा, ती ४०० मिलिसेकंदांची फट तिथे आलीच कशाला होती? तिचं काम काय होतं? मॅडमना ती नको होती, एजंटाला नको होती, ठेवीदाराला तर त्याचा पत्ताही नव्हता. ती होती डेमोसाठी. चेअरमनसाहेबांनी तो डायलॉग आयुष्यात एकदा पाहिला. मॅडमनी रोज ५०० वेळा. उमलायला ४०० आणि मिटायला ४००, म्हणजे नोंदीमागे ०.८ सेकंद. ५०० नोंदींचे ४०० सेकंद. महिन्याच्या २५ दिवसांचे दहा हजार सेकंद, पावणेतीन तास. त्या बाईंनी महिन्यातून पावणेतीन तास माझी चौकट उमलताना आणि मिटताना बघत बसायचं, का तर एकदा एका माणसाने 'वा' म्हणावं म्हणून.

माझं भांडण आहे ते इथे. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, असं जिथे जिथे आहे (आणि आपल्या धंद्यात जवळजवळ सगळीकडे आहे) तिथे पहिल्याला खुश करण्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

तशी या पॉपअपची खानदानी चालच अशी. इथन झुकरमन हा ट्रायपॉड नावाच्या कंपनीत असताना, १९९०च्या दशकात, त्याने जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला. २०१४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून त्याने त्याबद्दल माफीही मागितली. मधल्या काळात लोक इतके वैतागले की २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आणि विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, दोन्ही पॉपअप अडवण्याची सोय घेऊनच आले. आम्ही शिकलो का काही? हो, शिकलो. वेगळी खिडकी अडवतात ना, मग पानाच्या आतच चौकट काढू! डिव्हला कोण अडवणार? २००५ मध्ये स्क्रिप्टॅक्युलस आणि लाइटबॉक्स आले आणि दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून आत आला, तोही नाचत.

ॲनिमेशन सरसकट वाईट असं मी म्हणत नाहीये. मॅकवर खिडकी मिनिमाइज केली की ती दिव्यातल्या राक्षसासारखी बारीक होत खाली डॉकमध्ये शिरते. दिसायला चाळा, पण खिडकी गेली कुठे हे त्यातून कळतं, आणि ते कळणं उपयोगाचं आहे. यादीतली ओळ वर-खाली सरकवली की ती सरकताना दिसावी, हेही मान्य. पण 'नोंद जमा झाली' हा निरोप कुठून आला? स्क्रीनच्या खालून? तिथे काय होतं? तो कुठूनच आलेला नाही, त्यामुळे त्याच्या उडीतून काही कळायचाही प्रश्न नाही.

शिवाय जे रोज ५०० वेळा येतं ते माणूस वाचत नाही. जेफ रास्किनने 'द ह्युमेन इंटरफेस' या २००० सालच्या पुस्तकात हेच मांडलंय : 'खात्री आहे का?' असं प्रत्येक वेळी विचारलंत की 'हो' म्हणणं हे त्या कामाचाच भाग होऊन बसतं, सवयीने हात जातो. तुम्ही त्याला कितीही सजवा, उत्तर विचार न करता येणार. त्यापेक्षा काम करून टाका आणि मागे फिरायची वाट ठेवा. जीमेलने २००९ मध्ये पाठवलेली मेल काही सेकंद परत घ्यायची सोय दिली, तेव्हा 'नक्की पाठवू का?' असं विचारणारी चौकट नाही काढली. काउंटरवरही हेच हवं. नोंद झाली की ती खालच्या यादीत सगळ्यात वर दिसावी, शेजारी 'रद्द करा' असावं, आणि कर्सर पुढच्या खाते नंबरावर. संपलं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. स्क्रीनवरच्या हालचालीने काही लोकांना खरोखरच गरगरतं, मळमळतं. आतल्या कानाचा तोल बिघडलेला असतो त्यांना तर फारच. २०१३ मध्ये आयफोनवर आयओएस ७ आलं आणि त्यातल्या झूम होणाऱ्या पडद्यांबद्दल अशाच तक्रारी झाल्या. ॲपलला त्याच वर्षी ते झूम बंद करायची सोय द्यावी लागली. आज 'मला हालचाल कमी हवी' ही आवड ब्राउझर आपल्याला सांगतो, सीएसएसमध्ये एका मीडिया क्वेरीने विचारता येतं. पोराच्या कोडमध्ये शोधलं. विचारलेलं नाही.

आणि आता तर काही निमित्तही उरलेलं नाही. एचटीएमएलमध्येच डायलॉग नावाचा टॅग आहे. क्रोममध्ये २०१४ पासून, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ पासून. 'शोमोडल' म्हटलं की फोकस त्याच क्षणी आत जातो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप दाबलं की बंद. वर सीएसएसने काय फुलं उधळायची ती उधळा, फोकस त्यांच्यासाठी थांबत नाही. मला २०११ मध्ये हे मिळालं असतं तर... असो. पोराने मात्र २५० ओळी लिहून स्वतःचा डिव्ह बनवलाय, आणि फोकस कधी नेतोय? उडी संपल्यावर. तीच फट, फक्त आता ३०० मिलिसेकंदांची.

पतसंस्थेत तेव्हा मी फोन ठेवल्या ठेवल्या फोकसची चूक दुरुस्त केली आणि जेक्वेरीतली सगळी ॲनिमेशनं बंद करणारी एक ओळ टाकली. दुबार नोंदी शोधून चेअरमनसाहेबांना यादी दिली आणि चूक आमची आहे असं लेखी दिलं. एजंटाचे ११४० रुपये परत मिळाले. त्याची वही तपासणं मात्र लगेच थांबलं नाही, पुढे दोन महिने चालू होतं, 'आता सुरू केलंच आहे तर' म्हणून.

सोमवारी अकराला रिव्ह्यू आहे. त्याआधी पोराला शेजारी बसवून त्याच्याच स्क्रीनवर वही ठेवून ५० नोंदी भरायला लावणार आहे. माऊसला हात न लावता.