गिरणीवाल्याचं वाचन

'हे परीक्षेला आहे का?' हा आपला पुस्तकाला पहिला प्रश्न. माझाही तोच असायचा. मग कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराचं 'द चीज अँड द वर्म्स' वाचलं. मूळ पुस्तक १९७६ चं.

त्याचा नायक ना राजा, ना पोप. उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागातला मेनोकिओ नावाचा गिरणीवाला. मिळतील ती पुस्तकं, बरीचशी उसनी, तो वाचायचा. त्यातून त्याने विश्वाची उत्पत्तीच मांडली: दुधाचं चीज व्हावं तसा आधीचा गोंधळ घट्ट झाला, आणि चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यातून देवदूत निघाले! १५८४ मध्ये चर्चच्या न्यायासनापुढे खटला, मग तुरुंग. सुटल्यावरही गडी गप्प बसेना. १५९९ मध्ये दुसरा खटला, शेवटी देहदंड. त्याचं बोलणं आज आपल्याला कळतं, ते त्याच न्यायासनाने लिहून ठेवलं म्हणून.

त्याचं उत्तर चूक, पण पद्धत आपल्यापेक्षा बरी. वाचलेलं तो स्वतःच्या अनुभवाशी घासून पाहायचा. आपण झेरॉक्स पाठ करतो, पेपरात उतरवतो, विसरतो. धर्माचंही तेच. एक तर डोळे मिटून हात जोडायचे, नाही तर 'सगळं थोतांड' म्हणून मोकळं व्हायचं. दोन्हीला वाचावं लागत नाही!

म्हणून लायब्ररीत अशा पुस्तकांचं एक तरी कपाट हवं. रात्री दोन वाजता रूमवर देवाबद्दल वाद घालतोच ना आपण? मग निदान वाचून तरी घालू.