घड्याळ जुळवण्यात गेलेला खंड
रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३), रचनेतच फसला आहे. नवव्याच्या शेवटी नायक रँड जादूचा विटाळलेला पुरुषी स्रोत शुद्ध करतो. केवढी मोठी घटना! दहावा मात्र पुन्हा त्याच दिवसाकडे वळतो आणि इतर पात्रांना ती लांबून कशी जाणवली, हे आळवत बसतो. पसारा वाढल्यावर सगळ्यांची घड्याळे जुळवावीच लागतात, असा बचाव होतो. लागतात, पण त्याला एखादे प्रकरण पुरले असते. शिवाय आठव्या खंडात पळवलेली, रँडचा मित्र पेरिन याची बायको फाइल इथेही कैदेतच राहते (पेरिनचा संताप तेवढा वाढतो). तिची सुटका अकराव्यात, २००५ साली, खुद्द जॉर्डन यांनीच केली. तेव्हा लेखक थकला होता हे स्पष्टीकरणही टिकत नाही.