वाढीव वॉरंटी : सही करण्यापूर्वी

गाडीचा रंग ठरतो, कर्जाचा हप्ता ठरतो आणि कागदांवर सह्या चालू असताना विक्रेता सहज म्हणतो, ‘‘साहेब, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकतोय हं!’’ दहा-बारा लाखांच्या खरेदीत हे काही हजार किरकोळ वाटतात. घरातली बाई मात्र विचारते, ‘‘यात नक्की काय मिळणार?’’ प्रश्न तिचाच बरोबर असतो.

ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट या चार मीटरच्या आतल्या, उंच बांध्याच्या एसयूव्ही आज मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसतात. जुन्या मारुती ८०० ला कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्याने वठणीवर आणत असे. या गाड्यांत टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, विजेवर चालणारं स्टिअरिंग आणि जागोजागी सेन्सर आहेत. असा भाग बिघडला की तो दुरुस्त होण्याऐवजी बहुधा अख्खा बदलला जातो, आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात! वाढीव वॉरंटीची खरी किंमत इथे कळते. इंजिन, गिअरबॉक्स, इंजिनाचा कंट्रोल युनिट, टर्बो, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर हे भाग बहुतेक योजनांत येतात. टचस्क्रीन मात्र काही योजनांत असते, काहींत नसते. तेवढं आवर्जून विचारा.

घोटाळा होतो तो झिजणाऱ्या भागांवरून. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब यांना संरक्षण नसतं. बॅटरीची वॉरंटी बहुधा निराळी. गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डिझेल गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली, तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे झालं’ असं सांगून वर्कशॉप हात वर करू शकतं. रोज फक्त भाजी आणि शाळा असा प्रवास असेल, तर मुळात डिझेल घ्यावंच कशाला?

दुसरा गोंधळ ‘बंपर टू बंपर’ या शब्दांचा. शोरूममध्ये हे बहुधा झीरो डेप्रिसिएशनच्या विम्याबद्दल बोलतात. वॉरंटीशी त्याचा संबंध नाही. वॉरंटी कारखान्यातल्या दोषासाठी, विमा अपघातासाठी. उंदराने वायरी कुरतडल्या तर वॉरंटी उपयोगाची नाही, विम्याकडे जावं लागतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर वॉरंटी नाहीच आणि साधा विमाही सहसा नाही. त्यासाठी इंजिनाचं जादा कवच आधी घेतलेलं लागतं.

आता हिशेब. मूळ वॉरंटी किती, हे आधी पाहा. मारुतीने जुलै २०२४ मध्ये ती दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. जे आधी संपेल ते खरं. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला लाखभर किलोमीटरचं आश्वासन काय कामाचं? त्याने वर्षं मोजावीत. भरपूर फिरणाऱ्याने किलोमीटर मोजावेत. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी हे पैसे वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सात-आठ वर्षं एकच गाडी ठेवायची असेल आणि ती टर्बो किंवा ऑटोमॅटिक असेल, तर खुशाल घ्या. निर्णय त्याच दिवशी घेण्याची सक्ती नसते. मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी सहसा ती घेता येते, फक्त उशीर होईल तशी महाग पडते.

पावतीवर नाव कोणाचं आहे? कंपनीची योजना देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. नागपूरहून हैदराबादला किंवा पुण्याहून इंदूरला बदली होणाऱ्या घरांना हे सोयीचं. एखाद्या डीलरची स्वतःची योजना त्याच्याच दारापुरती असू शकते.

सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि बिलं जपा. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असं स्पर्धा आयोगाने २०१४ च्या आदेशात म्हटलं होतं. त्यावर पुढे अपिलं झाली. प्रत्यक्षात बाहेरून जोडलेला दिवा किंवा स्टिरिओ वायर कापून बसवला असेल, तर विजेच्या बिघाडाचा दावा हमखास अडतो.

गिअर अडकतोय, एसीतून आवाज येतोय, असं काही जाणवलं तर मुदत संपण्याची वाट पाहू नका. तक्रार तुमच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहवून प्रत घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत.