तो कागद दारावर लावा

9 जानेवारी 2021. रात्री दीड-दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. 17 बाळांपैकी 10 गेली. मग सगळे विचारू लागले, फायर ऑडिट झालं होतं का? अहो, हे आधी कळायला हवं. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यायचं असतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं, कुणी मागण्याआधीच माहिती जाहीर करा. तरी तो कागद फाइलीतच! साहेबांच्या भेटीच्या वेळा दारावर झळकतात; शेजारी हा चिकटवायला निविदा लागत नाही. लेकीला बाळंतपणाला आणलेली तुमसरची आई तो वाचेल, तारीख उलटलेली दिसली तर तिथल्या तिथे हटकेल.