विश्लेषण : घरच्या घरी युरिक ॲसिड… आकड्यावर किती विसंबावे?

रक्तातील साखरेप्रमाणे युरिक ॲसिडही बोटावरच्या थेंबातून मोजणारी यंत्रे आता ऑनलाइन मिळतात. तपासणीसाठी दरवेळी तालुक्याला किंवा शहरात जावे लागणाऱ्या गाऊटच्या रुग्णांसाठी ही सोय मोठी आहे. पण हा आकडा नेमका येतो कसा आणि तो चुकतो कुठे?

युरिक ॲसिड का वाढते?

शरीरातील पेशी आणि मांस, मासळीसारख्या आहारातील प्युरिन या घटकाचे विघटन होऊन युरिक ॲसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे एन्झाइम त्याचे पुढे विघटन करते. माणसात ते काम करत नाही. त्यामुळे युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचा मुख्य भार मूत्रपिंडांवर पडतो. एक डेसिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त युरिक ॲसिड राहिले, तर त्याचे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. पायाचा अंगठा अचानक सुजून ठणकतो, तो गाऊट.

पट्टी काम कशी करते?

अनेक पट्ट्यांवर युरिकेजचाच थर असतो. रक्त लागताच युरिक ॲसिडपासून ॲलँटॉइन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. इलेक्ट्रोडवर त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. युरिक ॲसिड जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. एन्झाइम आणि इलेक्ट्रोडची ही जोडी १९६२मध्ये लेलँड क्लार्क यांनी साखरेसाठी मांडली होती.

अडचण कुठे येते?

‘क’ जीवनसत्त्वही जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रोडवर प्रवाह निर्माण करते. गोळ्या घेणाऱ्याचा आकडा त्यामुळे फुगू शकतो. रक्तातील लाल पेशींचे प्रमाण कमी असल्यासही मापनात फरक पडतो. थोडक्यात, युरिक ॲसिड ओळखण्यापेक्षा इतर पदार्थांकडे दुर्लक्ष करणे संवेदकाला अधिक कठीण जाते.

संभाजीनगरमध्ये काय सुरू आहे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रुसा योजनेतील प्रगत संवेदक तंत्रज्ञान केंद्र आहे. वीजवाहक पॉलिमर, कार्बन नॅनोट्यूब यांच्या थरांनी वायू आणि पाण्यातील जड धातू ओळखण्यावर तेथे संशोधन होते. वीजवाहक पॉलिमरच्या शोधाला २०००चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. हव्या त्या पदार्थालाच प्रतिसाद देणारा थर कसा घडवायचा, हा प्रश्न जड धातूंसाठीही तोच आणि युरिक ॲसिडसाठीही तोच.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

आकडा म्हणजे निदान नव्हे. युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांना गाऊट होतच नाही आणि ऐन दुखण्यात आकडा सामान्यही येऊ शकतो. उपचार सुरू असलेल्या गाऊटच्या रुग्णांत तो साधारण ६च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. अशा रुग्णांना बदलाचा कल पाहण्यासाठी घरचे यंत्र उपयोगी आहे. सुरुवातीला एकाच दिवशी प्रयोगशाळेत तपासणी करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. पट्ट्यांची मुदत पाहावी, डबी घट्ट बंद ठेवावी, ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे. केवळ यंत्रावरचा आकडा पाहून औषध सुरू किंवा बंद करू नये.