सुट्टी साऱ्या घराची

परीक्षा संपते, निकाल लागतो आणि उन्हाळ्याची सुट्टी सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडली, की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुट्टीत काय केले?" कोणी मुंबईला मामाकडे जाऊन आलेला असतो. कोणी हैदराबादचा चारमिनार पाहून आलेली असते. ती मुले उत्साहाने सांगतात. उरलेली मुले मात्र मान खाली घालून म्हणतात, "काही नाही. घरीच होतो."

मित्रांनो, या 'काही नाही'विषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. घरी राहिलेल्या मुलाची सुट्टी वाया गेली, हे मला मान्य नाही. माणसाला सुट्टीत तीन गोष्टी हव्या असतात. शरीराला आणि मनाला विसावा हवा असतो, हातांनी काही घडवण्याचा आनंद हवा असतो आणि आपल्या माणसांची सोबत हवी असते. या तिन्ही गोष्टी घरात मिळू शकतात. त्यासाठी गाडीभाडे लागत नाही. अट मात्र एक आहे. ती कोणती, ते पुढे येईलच.

उदाहरणासाठी आपण परभणी तालुक्यातील पिंगळी हे गाव घेऊ. परभणीहून पूर्णेकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते. भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके होतात. या जिल्ह्याविषयी एक जुनी म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभनी.' दुसरीकडे जमले तर जमले, नाही तर पोट भरायला परभणी आहेच, असा तिचा अर्थ. सुट्टीच्या बाबतीत घराचेही तसेच आहे. बाहेरगावी जाणे जमले तर उत्तम. नाही जमले तर घर आहेच, आणि ते काही कमी प्रतीचे नाही.

मे महिन्यात या भागात पारा ४० अंशांच्या वर चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. नांगरलेली शेते पहिल्या पावसाची वाट पाहत तापत असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे या दिवसांत गावी परतलेली असतात. वर्षभर पांगलेली माणसे एका छपराखाली येण्याचा हा काळ असतो. म्हणून या दोन महिन्यांचे मोल मोठे आहे.

प्रथम विसाव्याचा विचार करू. उन्हाळ्यातील विसावा म्हणजे आळस नव्हे. उन्हात आपल्याला घाम येतो. तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो आणि शरीर थंड राहते. माठातले पाणीही असेच गार होते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि आतले पाणी थंड होते. पण माठच रिकामा असेल, तर तो काय गार करणार? आपल्या शरीराचेही तसेच आहे. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत घ्यावे. दुपारी बारा ते चार उन्हात हिंडू नये. उन्हाने कोणाचे अंग फार तापले किंवा कोणी भ्रमात बोलू लागले, तर त्याला सावलीत घ्यावे, ओल्या कपड्याने अंग पुसावे आणि उशीर न करता दवाखान्यात न्यावे. स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ नाही. 'जान है तो जहान है' असे तुमच्या घरी म्हणतातच.

आता एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. दुपारी जेवणे आटोपून घरातील सगळे जण आडवे होतात, तेव्हा अम्मी कुठे असते?

बहुतेक घरांत ती भांड्यांजवळ असते. नाहीतर सुकत घातलेले धान्य पाहत असते, किंवा दुपारच्या चहाची तयारी करत असते. शाळेला सुट्टी लागली, की तिचे काम कमी होत नाही, उलट वाढते. सगळी मुले दिवसभर घरी असतात. पाहुणे येतात. विहिरींचे, नळांचे पाणी कमी झाल्यामुळे ते साठवण्याची धावपळ वाढते. २०१९ साली रमजानचा महिना ऐन मे महिन्यात आला होता. त्या उन्हात सर्वांनी रोजे ठेवले. पण पहाटे सर्वांच्या आधी उठून सेहरी कोणी केली? संध्याकाळी चुलीच्या धगीपुढे बसून इफ्तारीचे पदार्थ कोणी तळले? तिचाही रोजा होताच.

हे केवळ एका घराचे चित्र नाही. २०१९ साली भारत सरकारने लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींची माहिती त्या वेळी घेतली गेली. दिवसभरात घरातले विनामोल काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे ८१ आढळल्या. पुरुष मात्र शंभरात सुमारे २६ होते. काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास वेळ जात होता. जे पुरुष हे काम करत होते, त्यांचा वेळ ९७ मिनिटे होता. या आकड्यांना सुट्टी नाही. ते बाराही महिने असेच असतात.

कोणी म्हणेल, "अब्बा दिवसभर उन्हात राबतात. त्यांनी घरी येऊन भांडीही घासायची का?" अब्बांचे कष्ट खरेच आहेत. शेतात, रिक्षावर किंवा दुकानात राबून आलेल्या माणसाला घरी विसावा मिळालाच पाहिजे. पण कितीतरी घरांत अम्मीसुद्धा शेतात जाते. कापूस वेचणे, खुरपणी करणे ही कामे बहुधा बायकाच करतात. आणि सुट्टीत घरी बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय? त्याने असे कोणते कष्ट केले आहेत, की पाण्याचा पेलाही त्याला बहिणीने हातात आणून द्यावा?

घरकाम हे हलके काम आहे, असे थोर माणसांनी कधी मानले नाही. हजरत मुहम्मद पैगंबर घरकामात हातभार लावत आणि आपली पादत्राणे स्वतः शिवत, असे हदीसमध्ये सांगितले आहे. महात्मा गांधींच्या आश्रमात स्वयंपाकापासून सफाईपर्यंत सर्व कामे सर्वांना वाटून दिलेली असत. मग आपल्यालाच कशाची लाज वाटावी?

मी सुरुवातीला जी अट म्हटली, ती हीच. सुट्टी साऱ्या घराची असेल, तरच ती खरी सुट्टी. एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर लादलेला असेल, तर त्याला विसावा म्हणता येणार नाही.

काम वाटून घेतले, की आणखी एक गंमत घडते. तेच काम कंटाळवाणे न राहता निर्मितीचा आनंद देऊ लागते. उन्हाळ्यात गावोगावी शेवया, कुरडया, पापड आणि सांडगे होतात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात आणि रोज पाणी बदलतात. मग ते वाटून त्यांचा पांढरा चीक काढतात. तो शिजवून गरम असतानाच सोऱ्याने कुरडया पाडतात. शेवयांच्या यंत्राची मूठ एकाने फिरवायची असते. खाली उतरणारे तंतू दुसऱ्याने तुटू न देता हातावर झेलायचे असतात. तिसऱ्याने ते काठीवर वाळत टाकायचे असतात. हे एकट्याचे काम नाहीच. पदार्थातील पाणी निघून गेले, की तो लवकर नासत नाही. जे ऊन माणसाला नकोसे होते, तेच ऊन वर्षभराचे खाणे टिकवते! याच शेवयांची शेजारच्या घरी खीर होते आणि तुमच्या घरी ईदला शीरखुर्मा होतो. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे तुम्हांला सांगायला नकोच.

गोधडीचेही असेच आहे. उर्दूत तुम्ही तिला गुदडी म्हणता. दोन्ही शब्द बहिणीबहिणींसारखे दिसतात. जुनी लुगडी, ओढण्या, सदरे यांचे तुकडे जोडून ती शिवतात. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवायचा, हे शिवणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. हा तुकडा दादीच्या लुगड्याचा, हा आपाच्या लग्नातील ओढणीचा, असे करत करत साऱ्या घराची आठवण एका पांघरुणात शिवली जाते. सुई-दोरा हा केवळ मुलींचा विषय नाही. गावातला शिंपी बहुधा पुरुषच असतो, हे विसरू नका.

कामातून निर्मिती कशी होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. संत जनाबाईंचा जन्म गोदावरीकाठच्या गंगाखेड येथे झाला. तेराव्या-चौदाव्या शतकात पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी त्या दळण-कांडण, झाडलोट करत असत. ती कामे करता करता त्यांनी अभंग रचले. सातशे वर्षांनंतरही महाराष्ट्र ते अभंग गातो. पुढेही खेड्यापाड्यांतील असंख्य बायकांनी जात्यावर दळताना ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस या गावच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत.

म्हणून जाते परत आणावे, असे मात्र मी म्हणणार नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. पण जात्यापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकटीने ओढले तर जाते जड जाते. समोर दुसरी बसली आणि दोघींनी मिळून खुंटा धरला, की ते हलके होते आणि तोंडी गाणे येते. घराचेही असेच आहे.

तिसरी गोष्ट सोबतीची. दिवस मावळला, की अंगणात पाणी शिंपडले जाते. बाजा टाकल्या जातात. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या सपाट छताला माळवद म्हणतात. रात्री त्यावर अंथरुणे पडतात आणि डोक्यावर आकाश भरून तारे असतात. अशा वेळी प्रत्येकाने आपापला मोबाईल उघडला, तर शेजारी शेजारी असूनही सगळे एकटेच. त्याऐवजी दादा-दादींना एखादा प्रश्न विचारून पाहा. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी लोक मिलो नावाची लाल ज्वारी खात होते आणि खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या कामांवर जात होते. तेव्हा आपल्या घरात काय होते, हे त्यांना विचारा. त्यांच्या आठवणी वहीत लिहून ठेवा. एक पान उर्दूत लिहा, एक मराठीत लिहा. अडलेला मराठी शब्द शेजारच्या मावशींना विचारा. तुमची कोडी त्यांना घाला, त्यांचे उखाणे तुम्ही ऐका. मोबाईल वाईट नाही. दादीचा आवाज त्यात जपून ठेवता आला, तर त्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत फार मोठे संकल्प करू नका. घरातील कामांची एक यादी करा आणि त्यातील एक काम कायमचे आपल्या नावावर घ्या. माठ भरणे असेल, अंथरुणे घालणे असेल किंवा रात्रीची भांडी असतील. मुलांनी आपल्या वाट्याचे काम बहिणीवर ढकलू नये. मुलींनीही दुपारचा एक तास स्वतःसाठी मागून घ्यावा. वाचावे, चित्र काढावे, नाहीतर नुसते झोपावे.

आणि उद्या दुपारी अम्मीला सांगा, "तू पड थोडा वेळ. चहा आम्ही करतो." पहिल्या दिवशी चहात साखर जास्त पडेल. तरीही तो चहा ती आवडीने पिईल.